घाटावर चढलेली गलबते

आमच्या घराचे आढे चढवले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. पाटण तालुक्यातले डोंगराकडेचे गाव. बारा-चौदा जणांनी ते सागाचे लाकूड दोरांनी बांधले, चौघे भिंतीवर चढून बसले आणि खाली उभ्या असलेल्या आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, आवाज दिला, "हबेस! हबेस!" दोर ताणले गेले, लाकूड वर निघाले. एक टोक जरा जास्तच वर गेले तेव्हा आबा ओरडले, "आर्याऽऽ, आर्या!" आणि त्या बाजूच्या गड्यांनी दोर सैल सोडला. पुढे आठवडाभर आम्ही पोरे दोरीला वीट बांधून हबेस-आर्या खेळत होतो. हे कुठल्या देवाचे नाव आहे, असे मी आबांना विचारले. ते म्हणाले, "द्येवाचं न्हाई रं. हबेस म्हंजी उचल, आर्या म्हंजी सोड. म्हमईला गोदीत आसंच म्हणत्यात."

पुष्कळ वर्षांनी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात यंत्राचा अवजड भाग क्रेनने उतरवताना मी पाहिला. खाली उभा असलेला मुकादम हात खाली-वर करत ओरडत होता, "आर्या, आर्या, बस्स!" मला आमचे आढे आठवले. मग शोध घेतला तेव्हा कळले, की ही आरोळी शिडाच्या जहाजांवरची आहे. पोर्तुगीज भाषेत शीड किंवा निशाण खाली उतरवण्याला 'आरियार' म्हणतात. हिंदी महासागरातल्या जहाजांवर कोकणी, गुजराती, मलबारी, बंगाली, अरब, मलय असे नाना मुलखांचे खलाशी एकत्र राबत. त्यांना एकमेकांचे बोलणे कळावे म्हणून हिंदुस्तानी, पोर्तुगीज, अरबी, मलय आणि इंग्रजी शब्दांची एक मिश्र बोली तयार झाली. तिला लष्करी म्हणत, कारण आशियाई खलाशाला इंग्रज 'लास्कर' म्हणत. ही बोली समजल्याशिवाय जहाज चालत नाही, हे गोऱ्या कप्तानांनाही उमगले होते. थॉमस रोबक नावाच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्याला तिचा कोशच छापला. शीड उतरवण्याची ती पोर्तुगीज आज्ञा पाटणच्या डोंगरात आमच्या घराच्या आढ्याचे एक टोक उतरवत होती.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्र नाही. सातारा जिल्ह्याची पश्चिमेची हद्द सह्याद्रीच्या माथ्यावर संपते. स्वच्छ दिवशी महाबळेश्वरच्या कड्यावरून कोकण पायाखाली पसरलेले दिसते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांपैकी अनेकांनी मुंबईला जाईपर्यंत समुद्र पाहिलेला नसे. तरी इथल्या बोलण्यात, कामाच्या आरोळ्यांत आणि सरकारी कागदांत जहाजांचे शब्द जागोजाग सापडतात. ते इथवर कसे आले, हे मला अनेक वर्षे समजून घ्यायचे होते.

त्यातली आबांची वाट सगळ्यांत अलीकडची. मुंबईत १८७५ साली ससून गोदी झाली, १८८०मध्ये प्रिन्सेस गोदी उघडली, पुढे व्हिक्टोरिया आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी. बोटीतून माल उतरवायला आणि चढवायला हजारो माणसे लागत. पाटण, जावळी, खटाव, माण आणि सांगलीकडच्या दुष्काळी तालुक्यांतली कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरे या कामाला गेली. गावकीच्या खोलीत तीस-तीस जण पाळीपाळीने झोपत, गावाकडे मनीऑर्डर धाडत आणि पेरणीला परत येत. डोक्यावरून ओझी वाहणारे ते माथाडी. त्यांना कायद्याचे संरक्षण मिळवून देण्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचेच. माथाडी कायदा १९६९ साली झाला. ही माणसे गावी परतताना ट्रंकेतून धोतरजोडी, पोरांसाठी खाऊ आणि तोंडात गोदीची भाषा घेऊन आली. मनीऑर्डरीची नोंद पोस्टात राहिली असेल. भाषेची नोंद कुणी ठेवली नाही, याचे मला वाईट वाटते.

शब्दांप्रमाणे नावांतही जहाज लपलेले असते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या किती मुलांना ठाऊक असेल, की त्या नावाचा धनी जहाजवाला होता? वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे तेही घाटावरचेच. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

दुसरी वाट मिरजेच्या रेल्वे जंक्शनातून येते. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या लोक रेल्वेत 'खलाशी' म्हणून लागत. माझ्या एका मित्राच्या वडिलांच्या नेमणूकपत्रावर तोच हुद्दा होता आणि त्या गृहस्थांनी जन्मात बोटीत पाय ठेवला नव्हता. रेल्वेत हा शब्द शिरण्याचे कारण साधे आणि सुंदर आहे. नद्यांवर लोखंडी तुळया चढवायच्या तर जाड दोर, कप्प्या, गाठी आणि एका सुरात ओढण्याचे कसब हवे. ते कसब जहाजावरच्या माणसांकडे तयारच होते. डोलकाठी उभी करणारा माणूस पुलाची तुळईही उभी करू शकतो. म्हणून पुलाच्या टोळीत खलाशी आले आणि त्यांच्या म्होरक्याला जहाजावरच्या मुकादमाचेच नाव मिळाले, सारंग. मिरज किंवा कराड स्टेशनातल्या 'मालधक्का' या पाटीकडेही याच नजरेने पाहा. धक्का म्हणजे बोट लागते ती बांधीव कड. मुंबईचा भाऊचा धक्का सगळ्यांना माहीत आहे. भर माळावर, जिथे पाणी प्यायला टँकर येतो, तिथे मालगाडी धक्क्याला लागते.

रेल्वे येण्याआधी माल घाटातून जाई, आणि तो काळ पुष्कळ मोठा आहे. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, वाई-महाबळेश्वराकडून पार घाटाने महाड, दक्षिणेकडच्या घाटांनी राजापूर. गूळ, हळद, मिरची बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून खाली उतरे. मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येई. महाड, चिपळूण आणि राजापूर ही तिन्ही गावे समुद्रापासून बरीच आत, खाडीच्या टोकाशी वसली आहेत. बंदर इतके आत का, असे लहानपणी नकाशा पाहताना मला वाटे. उत्तर भरती-ओहोटीत आहे. भरतीचे पाणी खाडीतून मैलोन्‌मैल आत शिरते. उथळ तळाचा मचवा त्या पाण्यावर बसून फारसे वल्हे न मारता डोंगराच्या पायथ्याशी येतो, माल भरतो आणि ओहोटीबरोबर बाहेर पडतो. समुद्राने आपले जास्तीत जास्त काम करायचे आणि बैलाने कमीत कमी, असा हा हिशेब होता. चिपळूणजवळच्या गोवळकोटला गोण्या उतरवणारा कराडचा माणूस भरतीची वाट पाहत बसे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी फुगते ते उधाण आणि अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो तो भांग, हे त्याला तिथे कळत असणार. आज खटावचा माणूस 'उत्साहाला उधाण आले' असे म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी चंद्राने ओढलेले पाणी असते.

आता सातारच्या गादीकडे येतो, कारण तिच्याशिवाय मराठ्यांच्या गलबतांची गोष्ट पुरी होत नाही. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८च्या जानेवारीत झाला. तेव्हा किनारा कान्होजी आंग्र्यांच्या हाती होता आणि कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी बहिरोपंत पिंगळे या पेशव्याला त्यांच्यावर पाठवले. कान्होजींनी त्यालाच कैद केले आणि लोहगड घेतला. दर्यावरचा हा माणूस आता साताऱ्यावर चाल करून येणार, अशी धास्ती घाटावर पसरली. मग बाळाजी विश्वनाथ पुढे झाले. ते मूळचे श्रीवर्धनचे, खारे पाणी ओळखणारे. त्यांनी बोलणी करून कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवले आणि सरखेल हे पद त्यांच्याकडे कायम राहिले.

या 'सरखेल' शब्दावर मी नेहमी थांबतो. आरमाराचा सर्वोच्च अधिकारी असा त्याचा अर्थ आपण शाळेत शिकतो. शब्द मात्र खुष्कीवरचा आहे. अरबीत 'खैल' म्हणजे घोडे, घोडदळ. सर-इ-खैल म्हणजे घोडदळाच्या पथकाचा नायक. दख्खनच्या पठारावर घोडा दौडवणाऱ्या राज्याकडे सन्मानाचा जो शब्द होता, तोच त्याने घाट उतरवून दर्यावरच्या माणसाला दिला. म्हणजे वाहतूक एकतर्फी नव्हती. किनाऱ्याचे शब्द वर आले, तसे पठाराचे खालीही गेले.

साताऱ्याजवळच्या धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामींचे स्थान आहे. स्वामी आधी चिपळूणजवळच्या परशुरामला असत. १७२७ साली सिद्दी सातने परशुरामचे देवस्थान लुटले, तेव्हा ते घाट चढून धावडशीला आले. शाहू महाराज, पेशवे आणि आंग्रे या सगळ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी ती पत्रे शोधून छापली. कोकणातल्या स्वाऱ्या आणि दर्यावरचे तंटे यांची खबर धावडशीसारख्या कोरड्या गावात वाचली जात होती.

त्या काळचे आरमार कसे होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यात मुख्य दोन जाती, गुराब आणि गलबत. अरबीत 'गुराब' म्हणजे कावळा. हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, रुंद आणि उथळ जहाज. त्याचे तोंड लांब, टोकदार आणि पाण्यालगत झुकलेले असे, आणि त्या तोंडावरून पुढे रोखलेल्या तोफा डागता येत. युरोपी जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंना असत. समोर आणि मागे ते आंधळे. गलबत गुराबेहून लहान आणि हलके. त्याला शीड असे, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी डुलत राही. नेमकी हीच वेळ साधून गलबते वल्हवत पुढे येत, गुराबांना दोराने ओढत शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभी करत. तोफांनी त्याची डोलकाठी पाडली की गलबतांतली माणसे त्याच्यावर चढत. किनाऱ्याला लागून उथळ पाण्यात हे तंत्र फार उपयोगी पडले. खोल समुद्रात आणि उभ्या वाऱ्यात पारडे युरोपी जहाजांकडे झुके, हेही खरे. या आरमाराचा कणा शेवटी आपल्याच माणसांनी मोडला. फेब्रुवारी १७५६मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम केली आणि बंदरातली गलबते जळाली. ती बातमी साताऱ्याला पोचली तेव्हा शाहू महाराज हयात नव्हते. मला तो प्रसंग आजही वाचवत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. अमात्य बावड्याचे, म्हणजे सह्याद्रीच्या ऐन कडेचे. एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत, असा त्यांचा आराखडा. पण मला त्यातला लाकडाचा भाग जास्त मोलाचा वाटतो. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे अमात्य सांगतात. घाटाखाली जहाज बांधताना घाटावरच्या माणसाला जंगलाची काळजी होती. जहाज म्हणजे अखेर तरंगणारे रानच.

शिडाच्या होडीची अंगे मला रत्नागिरीकडच्या एका वृद्ध तांडेलाने समजावली होती. पुढचे टोक नाळ, मागचे वरामा. उभी डोलकाठी, तिला टांगलेले आडवे-तिरके लांब लाकूड ते परबाण, परबाणाला बांधलेले शीड. मागे सुकाणू. आपल्याकडचे शीड बहुधा तिकोनी असते. चौकोनी शीड पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याला चांगले. तिकोनी शीड वारा बाजूने आला तरी फुगते आणि होडीला पुढे खेचते. थेट वाऱ्याच्या तोंडात कुठलीच होडी जात नाही. तिला आधी एका बाजूला तिरके, मग दुसऱ्या बाजूला तिरके असे नागमोडी जावे लागते. घाटातला रस्ता जसा सरळ न चढता वळणे घेत चढतो, अगदी तसे. हे मी तांडेलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग तुमका समजला."

वाऱ्याचे वेळापत्रकही दोन्हीकडे एकच. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. तो शब्द पोर्तुगीजांनी घेतला, तिथून इंग्रजीत मान्सून गेला, आणि आपल्याकडे मोसम आला. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की शिडाची होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्याचा विचार करतात. तोच वारा घाट चढून येतो तेव्हा जावळीत भाताची लावणी सुरू होते. तांडेलाची सुट्टी ही कुणब्याची धांदल. शाळेच्या भूगोलात आम्ही खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, दिवसा समुद्रावरून जमिनीकडे ते खारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे ते मतलई. गुरुजींनी फळ्यावर समुद्र काढला होता. मासेमारीच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर जातात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येतात, एवढे एक वाक्य त्यांनी सांगितले असते तर पाठ करावे लागले नसते.

शेतकऱ्याला सगळ्यांत जवळचा शब्द मात्र नांगर. मराठीत जहाज थांबवायलाही नांगरच टाकतात. लोखंडाचा वाकडा फाळ, जमिनीत रुतणारा. शेतात तो ओढत न्यायचा, समुद्रात तो रुतवून थांबायचे. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला आणि जहाजाच्या नांगराला फारसीत 'लंगर' म्हणतात. दोन्ही शब्द मराठीत येऊन एकमेकांत असे मिसळले, की ऐकणाऱ्याला वस्तू एकच वाटावी. मराठी शेतकऱ्याला जहाजाचा नांगर समजावून सांगावा लागत नाही. रूप पाहूनच तो ओळखतो.

समुद्राचे इतके झाले. पण सातारा-सांगलीची स्वतःची नावेची भाषा आहे. ती कृष्णेची. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात नदी म्हणजे भिंत. पलीकडे जाणे हा पराक्रम होता आणि त्याच्या खुणा भाषेत खोल उमटल्या आहेत. संस्कृतात 'तॄ' म्हणजे ओलांडणे, तरून जाणे. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा. वाईच्या घाटावर किंवा संगम माहुलीला आपण तीर्थ म्हणून हात जोडतो. तिथे आधी वाटसरू थांबत असतील, मग देव. परीक्षेत उत्तीर्ण होणे म्हणजे पार उतरणे. एखाद्या विद्येत पारंगत म्हणजे पैलतीरी पोचलेला. काम 'पार पडते'. घोळ 'निस्तरावा' लागतो. बँकेत जमीन 'तारण' ठेवतात. आणि रेल्वे व एसटी ज्यांना 'उतारू' म्हणतात, ते मुळात नदी उतरून पलीकडे जाणारे लोक. उतार म्हणजे नदी ओलांडता येते ती जागा. नदीचे पाणी ओसरले की अजूनही 'नदीला उतार पडला' असे म्हणतात. स्वारगेटच्या फलाटावर उभ्या असलेल्या सातारच्या उतारूच्या पायाखालून एक विसरलेली नदी वाहते आहे.

'सांगड' या शब्दाचा प्रवास तर थक्क करणारा आहे. शेती आणि उद्योगाची सांगड घालावी, असे भाषणात ऐकून आपले कान किटले आहेत. सांगड म्हणजे दोन होडकी, ओंडके किंवा वाळलेले पोकळ भोपळे एकमेकांना बांधून केलेले तरंगते साधन. एकटा ओंडका पाण्यात गरगर फिरतो आणि माणसाला पाडतो. दोन बांधले की स्थिर होतात. कृष्णाकाठी पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळे बांधत, तेही याच न्यायाने. संस्कृतातला 'संघाट' हा त्याचा पूर्वज. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागराच्या बंदरांचे वर्णन लिहिले, 'पेरिप्लस' नावाचे. त्यात पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नावांना 'संगर' म्हटले आहे. मलयाळममध्ये तोच शब्द 'चंगाडम' झाला. तिथून पोर्तुगीजांनी 'जंगाडा' नेला आणि आज ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे कोळी आपल्या शिडाच्या तराफ्याला जंगाडा म्हणतात. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला मासे धरायला निघालेला माणूस आणि जिल्हा परिषदेच्या सभेत सांगड घालणारा सभासद यांच्या तोंडी एकच नाव आहे.

विहिरीजवळ बैलांना पाणी पाजायची दगडी डोण सांगली भागात अजून दिसते. संस्कृत 'द्रोणी' म्हणजे कोरून पोकळ केलेले लाकूड, त्यात पाणी भरले तर कुंड आणि ती पाण्यात सोडली तर नाव. एका लाकडातून कोरलेल्या होडीला मराठीत डोणी म्हणतात. श्रावणात पत्रावळीवर आमटीसाठी लावलेला द्रोण त्याच घरातला.

मिरज आणि सांगलीच्या बाजूला 'आंबी' आडनावाची पुष्कळ घरे आहेत. नाव चालवणे हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. कन्नडमध्ये नावाड्याला 'अंबिग' म्हणतात. बसवेश्वरांच्या काळात, बाराव्या शतकात, अंबिगर चौडय्या नावाचे वचनकार होऊन गेले. ते नावाडी होते, आणि त्यांचे नाव त्यांच्या कामाचेच आहे. सीमेवरची नदी ओलांडताना दोन्ही भाषा एकाच नावेत बसत होत्या.

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली उघडला आणि शहराजवळची नावेची गरज सरली. पण पाऊस लागला की त्याच पुलावरची पातळी सांगलीकरांच्या ओठी येते. "आयर्विनला किती?" एवढाच प्रश्न, आणि उत्तर फुटांत. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या आठवड्यात सगळी जुनी विद्या पुन्हा लागली. उसाचा रस आटवायच्या गुऱ्हाळातल्या काहिली लोकांनी पाण्यात लोटल्या आणि त्यांत म्हातारीकोतारी माणसे, शेरडे, धान्याची पोती बसवून काढली. रुंद, सपाट तळाची काहील पाण्यावर चांगली बसते, फक्त तिला सुकाणू नाही. ती फिरत राहते, म्हणून दोघे जण कडेने पोहत तिला धरून नेतात. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गर्दीने भरलेली होडी उलटली आणि माणसे गेली. त्या दिवसाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. नावेत किती बसवायचे, कुणी कुठे बसायचे, पाणी ओढीचे असेल तर नाळ कशी वळवायची, हे ज्ञान पूल झाले म्हणून जाऊ द्यायचे नसते. सांगलीत कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात आणि काठावर हजारो लोक जमतात. मी त्या पाहतो तेव्हा जिंकणाऱ्यापेक्षा वल्हे पाण्यात बुडवण्याची त्यांची एकलय पाहतो. ती असेपर्यंत काठ सुरक्षित वाटतो.

कोयनेकाठी तर नाव नव्याने आली. १९६०च्या दशकात धरण भरले आणि शिवसागर जलाशयाने जावळी-पाटणातली खोरी गिळली. गावे उठली, जी काठावर उरली त्यांचे रस्ते पाण्याखाली गेले. पिढ्यान्‌पिढ्या भात आणि नाचणी पिकवणारी माणसे एकाएकी पाण्याची झाली. बामणोली आणि तापोळ्याहून लाँच सुटते, गाड्या तराफ्यावर चढून पलीकडे जातात. 'लाँच' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'लांचा'मार्गे इंग्रजीत गेला, आणि त्याचे मूळ मलय भाषेत मानतात. शिवसागराचे पाणी कोयनेच्या वाटेने कृष्णेला न जाता मोठ्या प्रमाणात बोगद्यातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात पडते, तिथून वाशिष्ठीत, आणि वाशिष्ठी चिपळूण-गोवळकोटवरून दाभोळच्या खाडीला मिळते. ज्या खाडीच्या भरतीची वाट कराडची माणसे गोण्या घेऊन पाहत होती, तिथेच आता आमच्या डोंगरातला पाऊस जातो.

गेल्या हिवाळ्यात बामणोलीला संध्याकाळची शेवटची लाँच आली तेव्हा मी काठावर उभा होतो. नाळेशी वीस-बावीस वर्षांचा पोरगा दोराचे वेटोळे हातात धरून उभा होता. चालवणाऱ्याने इंजिन बंद केले आणि त्याला ओरडून सांगितले, "आरं, दावं टाक!" पोराने दोर फेकला. काठावरच्या म्हाताऱ्याने तो झेलला आणि गोठ्यात म्हैस बांधावी तसा एका वेढ्यात खुंट्याला बांधला.